घर दिलं, आकडा दिला नाही



माझ्या सासूबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. धान्याच्या कोठीची, दुधाच्या कपाटाची, दागिन्यांच्या पेटीची आणि एक कुठलीच नसलेली, गंजकी. तो जुडगा माझ्याकडे आला तेव्हा मी तो दोन दिवस मिरवला आणि तिसऱ्या दिवशी खुंटीला अडकवला, कारण चालताना टोचायचा. आज माझ्याकडे जुडगा नाही, आकडे आहेत. एटीएमचा वेगळा, मोबाइल उघडायचा वेगळा, पैसे पाठवायचा वेगळा, गॅस सिलिंडर आला की पोऱ्याला सांगायचा वेगळा. हिशेबाची सवय असल्यामुळे पाठ राहतात. आमच्या ह्यांना राहत नाहीत, ते दर वेळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारतात.

पण आज सांगायचंय ते आपल्याकडे नसलेल्या आकड्याबद्दल.

नाताळच्या सुट्टीत आम्ही सांगलीहून महाबळेश्वरला गेलो होतो. आम्ही दोघं, मुलगा, सून, नववीतला नातू आणि वन्सं. वन्सं ह्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, आता ८१ पूर्ण. त्यांना महाबळेश्वर बघायचं नव्हतं, कृष्णा बघायची होती. आयुष्य सांगलीच्या घाटावर गेलं, नदी निघते कुठून ते एकदा डोळ्यांनी बघू दे, म्हणाल्या. क्षेत्र महाबळेश्वरला कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी एकत्र येऊन गोमुखातून पडतं. ते बघून वन्सं बराच वेळ गप्प उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "एवढीशीच असते होय गं? आणि २०१९ साली आपल्या जिन्यापर्यंत आली होती."

राहायला हॉटेल घेतलं नव्हतं. हॉटेलात स्वयंपाकाची पंचाईत, म्हणून मुलानं मोबाइलवरच्या ॲपवरून दोन रात्रींसाठी एक अख्खा बंगला घेतला होता, स्वयंपाकघरासकट. मुख्य रस्त्यापासून आत, उतारावर, भोवती झाडी. भाडं ९,००० रुपये, सगळं आधीच भरलेलं. सकाळी साडेअकराला पोचलो तेव्हा तिथला केअरटेकर दारात होता. त्यानं पाठ करून उभं राहून बटणं दाबली, दार उघडून दिलं आणि सांगितलं, "तुमचा आकडा दुपारी मोबाइलवर येईल." त्याला वाईला लग्नाला जायचं होतं, तो मोटरसायकलवर बसून गेलासुद्धा.

आम्ही बाराला जेवलो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुगाची उसळ, ताक. संध्याकाळच्या जेवणाचा डबा, वन्संची औषधं, गरम कपडे, सगळं आत ठेवून दोनला बाहेर पडलो. दार ओढलं की ते आपोआप बंद होणारं. आकडा फिरता फिरता येईलच, असा सगळ्यांचा समज. केअरटेकरनंच तसं सांगितलेलं. पाच वाजून पाच मिनिटांनी परत आलो, तर मोबाइलवर आकडा नाही. आणि बंगल्याच्या आवारात मोबाइलला रेंजही नाही.

आता आपल्या बायकांना वेगळं सांगायला नको, पण डिसेंबरात सूर्यास्त किती लवकर होतो! त्या दिवशी सहा वाजून पाच-सात मिनिटांनी होता. महाबळेश्वरला त्या वेळी सगळं गाव मुंबई पॉइंटकडे धावतं, सूर्य बुडताना बघायला. आपली धावपळ उलटी, तो बुडायच्या आत जेवून उठायची. आम्ही दोघं चातुर्मासात काटेकोर पाळतो, प्रवासात सवलत घेतो. वन्संचा मात्र रात्रीभोजनत्यागाचा नियम ३७ वर्षांचा आहे, आमचे भाऊजी गेले त्या वर्षी घेतलेला. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. घरी त्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटं आधीच उठतात. नियमात मुभा सूर्यास्तापर्यंतची आहे.

उपाशी राहण्याचं वन्संना काही नाही. दशलक्षणात त्या आमच्या आधी ताज्यातवान्या असतात. पण दोन वर्षांपासून त्यांना साखरेची गोळी चालू आहे, आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलंय की गोळी घेतली की पोट रिकामं ठेवायचं नाही. सकाळी गोळी घेतलेली होती. गेल्या पर्युषणात एका पहाटे त्यांची साखर ५८ वर उतरली होती. हातपाय गार, घामानं पातळ भिजलेलं, आणि मला ओळखेनात. त्या दिवशी दुपारी बारापासून दुसऱ्या दिवशी सूर्य वर येऊन दोन घटिका होईपर्यंत म्हणजे जवळजवळ वीस तास होत होते. सूनबाईनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. वन्सं पायरीवर बसून चपला काढत होत्या.

मुलगा गाडी घेऊन रस्त्यावर रेंज शोधायला गेला. आम्ही दारासमोर.

या कुलपाबद्दल थोडं सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणींना पुढेमागे भेटणार आहे. दाराला शून्य ते नऊ अशी बटणं असतात. चार आकडी किंवा सहा आकडी आकडा दाबला की आतली छोटी मोटर खटका मागे घेते. आत सेल असतात. काही कुलपांना इंटरनेट जोडलेलं असतं, मालक मुंबईत बसून आकडा बदलू शकतो, आणि एका पाहुण्याचा आकडा ठरल्या वेळी रद्द होऊन दुसऱ्याचा चालू होतो. मालकांना सोयीचं, किल्लीची देवघेव नाही, किल्ली हरवायची भीती नाही, माणूस ठेवायला नको. पाहुण्यालाही सोयीचं, रात्री बाराला पोचलं तरी कुणाला उठवायला नको. हे सगळं आकडा पोचला तर.

आमचं कुलूप चार आकडी होतं. खाली इंग्रजीत सूचना चिकटवलेली: पाच वेळा चुकला तर पाच मिनिटं कुलूप काही ऐकणार नाही.

नातवानं मोबाइलचा दिवा लावून बटणं तिरकी करून बघितली आणि म्हणाला, "आजी, चार बटणं घासलीयत. बाकीची नवी आहेत. म्हणजे आकडा या चारांतलाच. तू सांग, किती प्रकार होतील?"

बी.कॉम.ला असताना क्रमपर्याय आणि संचय शिकलो होतो. लोक याला कॉम्बिनेशन लॉक म्हणतात ते मला तेव्हापासून खटकतं. कॉम्बिनेशनमध्ये क्रमाला महत्त्व नसतं, कुलपाला तर क्रमच हवा. खरं नाव परम्युटेशन लॉक असायला हवं. ते असो. काहीच माहीत नसेल तर चार आकड्यांचे १०,००० प्रकार. पाचाच्या गटानं २,००० गट, दर गटामागे पाच मिनिटं थांबायचं, म्हणजे १०,००० मिनिटं, जवळजवळ सात दिवस. पण चार बटणं ठरलेली आणि प्रत्येक एकदाच वापरलेलं, तर चार गुणिले तीन गुणिले दोन, फक्त २४. पाच, दहा, पंधरा, वीस चुकांनंतर थांबायचं, म्हणजे चार वेळा पाच मिनिटं. सगळं मिळून पंचवीस मिनिटांचं काम. घड्याळात पाच वीस झाले होते. सूर्यास्ताच्या आत बसत होतं.

मी म्हटलं, "दाब."

"दाबू नको," वन्सं पायरीवरून म्हणाल्या.

मला वाटलं, कुलूप बिघडेल म्हणून म्हणतायत. तसं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आपल्याला दिलेला नाही तो आकडा. न दिलेलं घ्यायचं नाही."

आता अचौर्याचा अर्थ मलाही ठाऊक आहे. न दिलेली वस्तू घेणं म्हणजे चोरी, ती वाटेत पडलेली असो की कुणाच्या खिशातली. पण इथे काय न दिलेलं होतं? मी त्यांना सरळ हिशेब सांगितला. नऊ हजार भरलेत, पावती आहे. मोबदला पोचला, समोरच्यानं ताबा कबूल केला, सकाळी दार उघडून दिला सुद्धा. दोन रात्री हे घर आपलं. १८७२ चा करार कायदा मी परीक्षेला पाठ केलाय वन्सं, यात चोरी कुठे बसते?

"घर दिलंय," त्या म्हणाल्या, "आकडा दिला नाही. हा पोरगा आज आपल्या बंगल्याचं दार अंदाजानं उघडेल, उद्या दुसऱ्याचं उघडून बघेल. त्याला जमतंय का ते."

नातू म्हणाला, "आत्याआजी, मी कशाला दुसऱ्याचं उघडू?" पण त्याचा हात बटणावरून खाली आला.

मला राग आला होता, खरं सांगते. नियम त्यांचा, साखर त्यांची, पहाटे कापसासारखे गार पडलेले हात चोळायचे मी, आणि वर तत्त्वही त्यांचंच. हे नेहमीप्रमाणे मध्ये पडले नाहीत. थोरल्या बहिणीपुढे ते सात वर्षांचे होतात. बाहेर अजून ऊन होतं, पण झाडांच्या सावल्या पार खालच्या पायवाटेपर्यंत गेल्या होत्या.

सूनबाई तेवढ्यात खाली उतरून गेली होती. उताराच्या तळाशी केअरटेकरचं घर, तिथून धूर दिसत होता. ती धापा टाकत परत आली. आकडा त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही, पण ती म्हणते खाली या, निदान पाणी घ्या.

वन्संना दोघींनी दोन्हीकडून धरून उतरवलं. केअरटेकरची बायको अंगणात म्हशीजवळ होती, धारेची कासांडी हातात. "मला न्हाई सांगत आकडा," म्हणाली. "दर गिऱ्हाइकाला बदलतोय म्हणं. मालक ममईला. या की आजी, बसा." तिनं घोंगडं टाकलं. मी थोडक्यात सांगितलं: आजींना दिवस बुडाला की काही चालत नाही, औषध आत अडकलंय.

तिनं वन्संकडे बघून विचारलं, "आमच्या घरचं चालंल का पर?"

हा प्रश्न ती कशासाठी विचारतेय ते आपल्याला सगळ्यांना कळतं. वन्सं म्हणाल्या, "न चालायला काय झालं? कांदा-लसूण नको, एवढंच. धार कधी काढलीस?"

"ही काय आत्ताच की."

वन्संनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. दूध काढल्यापासून ४८ मिनिटांच्या आत तापवायचं, हे आपल्याकडच्या मुलींना आता शिकवावं लागतं. पिशवीच्या दुधाला काय विचारणार. मग पुढची वीस मिनिटं त्या अंगणात जे चाललं ते मी नुसती बघत होते. वन्संनी पर्समधून पाण्याचं गाळणं काढलं. दुहेरी, जाड सुती कापडाचं, चारपदरी घडी केलेलं. औषधं बंगल्यात राहिली, पण गाळणं पर्समध्ये! घरामागे झऱ्याचं पाणी दगडी डोणीत पडत होतं. सूनबाईनं पाणी गाळलं आणि गाळणं उलटं करून त्यातले जीव त्याच डोणीत अलगद सोडले. केअरटेकरच्या बायकोनं विचारलं, हे कशाला? सूनबाई पुण्यात वाढलेली, इंजिनीअर. मला वाटलं, चाचरेल. ती म्हणाली, "जिथले तिथे परत." तेवढंच. बाईंना पटलं.

त्या पाण्यानं पातेलं धुतलं, चुलीवर दूध तापलं. भाजलेल्या शेंगा आणि गूळ त्या बाईंनी आपणहून काढला. वन्संनी दोन फुलपात्री दूध घेतलं, मूठभर शेंगा, गुळाचा खडा, वर गाळलेलं पाणी. पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी उठल्या, चूळ भरली, हात जोडून त्याग घेतला आणि नऊ वेळा णमोकार म्हटला. मीही दूध घेतलं. शेंगा जरा करपल्या होत्या, पण तशा शेंगा मी अलीकडे खाल्ल्या नाहीत.

आपल्यातल्या काही जणी हे वाचून नाक मुरडतील, शोधाचं काय, सोवळ्याचं काय म्हणतील. मुरडू देत. पाणी गाळलेलं होतं, दूध वेळेत तापलेलं होतं, सूर्य वर होता. बाकीची जी यादी आपण मनात ठेवतो ती कुठल्या शास्त्रातली आहे ते मला कुणीतरी दाखवावं.

त्यानंतर आम्ही सव्वासात वाजेपर्यंत त्यांच्या चुलीपाशी बसलो. थंडी मी म्हणत होती, शाली-स्वेटर सगळे आत. मुलगा आला तेव्हा त्याच्याकडे आकडा होता. रस्त्यावर रेंज मिळाल्यावर ॲपच्या मदतकेंद्रात चाळीस मिनिटं गाणं ऐकलं, मग एका मुलीनं मालकाला शोधलं, मालक विमानातून उतरत होते. त्यांचं म्हणणं, आकडा दोन वाजताच पाठवलाय. पाठवला असेलही. आमच्यापर्यंत आला नव्हता.

दार उघडलं. आणि नातू दारातच उभा राहून हसायला लागला. नव्या आकड्यात घासलेल्या बटणांपैकी एकच होतं. साहजिक आहे, घासलेली बटणं जुन्या आकड्यांची, आमचा तर त्याच दुपारी तयार झालेला. चोवीसच्या चोवीस प्रकार दाबले असते तरी दार उघडलं नसतं, आणि साडेपाच-पावणेसहा तिथेच वाजले असते. वन्सं काही बोलल्या नाहीत, फक्त पदर सावरला. ते बोलण्यापेक्षा जास्त होतं.

पण मी सांगते, यानं त्यांचं म्हणणं खरं ठरत नाही. दार उघडणार नव्हतं हा योगायोग. उघडलं असतं तर ते चोरी ठरलं असतं का, हा मुद्दा तिथेच आहे. आमचा अजून तोच वाद चालू आहे, चहाच्या वेळी. त्या म्हणतात, ज्याच्या हातात द्यायचं आहे त्यानं द्यावं. मी म्हणते, पैसे घेतले तेव्हाच दिलं. नातू माझ्या बाजूनं आहे, पण हळूच.

लहानपणापासून यात्रा करत आलो, हा प्रश्न कधी पडला नव्हता. कुंथलगिरीला गेलं की धर्मशाळेच्या ऑफिसात मुनीमजी बसलेले असत. वहीत नाव लिहायचं, गादी-उशा मोजून घ्यायच्या आणि पितळी बिल्ल्याची किल्ली हातात. किल्ली हरवली तर दुसरी त्यांच्या भिंतीवर. भोजनशाळेची घंटा सूर्यास्ताच्या आधी व्हायची, आणि कुणी म्हातारं माणूस आलं नाही तर वाढपी खोलीपर्यंत बघायला यायचा. १९८१ साली श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला मी नवी नवरी म्हणून गेले तेव्हा तर आमच्या राहुटीला कुलूपच नव्हतं, नाडी होती. सासूबाई नाडीला गाठ मारायच्या आणि शेजारच्या राहुटीतल्या कानडी आजींना खुणेनं सांगून जायच्या. तेव्हा काही फार भारी सोय होती असं नाही, नळावर भांडणं होती, पाणी गार होतं. पण हाक मारली तर ओ द्यायला कुणीतरी होतं.

आता मी घर घेण्याआधी मुलाला विचारायला लावते. आकडा किती वाजता येणार आणि तो आला नाही तर कुणाला फोन करायचा. त्या जागी रेंज आहे का. कुलपाची साधी किल्ली, कारण अशा बहुतेक कुलपांना ती असते, ती गावात कुणाकडे ठेवलीय का. आणि आत सेल संपले तर? काही कुलपांच्या खाली नऊ व्होल्टचा चौकोनी सेल टेकवून तात्पुरती वीज देता येते. सूनबाईनं तो सेल आता गाडीतच ठेवलाय. मालक उत्तर द्यायला टाळाटाळ करत असेल तर आम्ही ते घर घेत नाही. शिवाय आकडा हातात आल्याशिवाय डबा आणि वन्संची औषधाची पिशवी गाडीतून खाली उतरत नाही, ही माझी स्वतःची भर.

मालकांना मी घरी आल्यावर हिशेब लिहून पाठवला. दुपारी दोनपासून सव्वासातपर्यंत घर वापरता आलं नाही, सव्वापाच तास, प्रमाणात भाडं इतकं. उत्तर आलं, पुढच्या वेळी दहा टक्के सवलत देऊ. पुढच्या वेळी! मी पुन्हा लिहिलं. तिसऱ्या पत्रानंतर १,००० रुपये परत आले. दुधाचे पैसे केअरटेकरच्या बायकोनं घेतले नव्हते. संक्रांतीला वन्संनी तिच्या पत्त्यावर तिळगूळ, अर्धा किलो हळद आणि बेदाणे पाठवले. तिचा फोन आला होता. हळद चांगली पिवळीधमक आहे म्हणाली, आणि विचारत होती, आजींची साखर किती आहे आता.

वन्संनी स्वतः फोन घेतला आणि सांगितलं, १३२.